मुंबईत जोडणी झालेल्या अमेरिकन मोटारगाड्यांच्या उपप्रकारांची ओळख

मुंबईत जोडणी झालेल्या अमेरिकन मोटारगाड्यांच्या उपप्रकारांची ओळख ही जुन्या वाहनांच्या अभ्यासाची एक शाखा आहे. एखाद्या गाडीची बनावट, मालिका, प्रतिमानवर्ष, मूळ कारखाना आणि जोडणीचे ठिकाण यांचा पुराव्यांच्या आधारे निश्चय करणे, हे तिचे काम होय. १९२८ ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत शेव्हरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ, डीसोटो आणि विलीज जीप ही अमेरिकन वाहने सुट्या भागांच्या स्वरूपात मुंबई बंदरात उतरत व तेथेच जोडली जात. त्यांतील अनेक पुढे पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर व सोलापूर येथे नोंदवली गेली. पुण्यात आज जतन केलेल्या अमेरिकन गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या याच परंपरेतील आहेत.

या गाड्यांचे बरेच उपप्रकार खुद्द अमेरिकेत विकलेच गेले नव्हते. त्यामुळे केवळ अमेरिकन माहितीपत्रके समोर ठेवून त्यांची ओळख पटवू गेल्यास अस्सल गाडी नकली ठरण्याची, अथवा दुरुस्तीच्या ओघात तिचे मूळ रूप नाहीसे होण्याची शक्यता असते. २०२१ पासून भारतात जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम लागू झाले असून गाडीचे मूळ स्वरूप टिकून असणे ही त्यांतील मुख्य अट आहे. त्यामुळे उपप्रकाराच्या अचूक ओळखीला कायदेशीर महत्त्वही प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी

जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जोडणी कारखाना सुरू केला. तेथे शेव्हरोले मोटारी, मालट्रक व बस यांची जोडणी होत असे. फोर्ड कंपनीचा भारतातील कारभार १९२६ पासून तिच्या कॅनडातील उपकंपनीमार्फत चाले आणि मुंबईसह मद्रास व कलकत्ता येथेही तिची जोडणी केंद्रे होती. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात असल्याने तेथून येणाऱ्या मालाला जकातीत सवलत मिळे. शिवाय भारतात डाव्या बाजूने वाहतूक चालत असल्याने सुकाणू उजवीकडे असलेल्या गाड्यांची गरज होती. या दोन कारणांमुळे भारतात आलेल्या बहुसंख्य अमेरिकन गाड्यांचा मार्ग कॅनडातील ओशावा व विंडसर या कारखान्यांतून जातो.

स्वदेशी मोटार कारखान्याची कल्पना १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आग्रहाने मांडली. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजेच पुढील काळातील अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले होते. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. फोर्ड कंपनीशी बोलणी निष्फळ ठरल्यानंतर त्यांनी क्रायस्लर कॉर्पोरेशनचे सहकार्य मिळवले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेडची स्थापना झाली आणि १९४७ पासून कुर्ला येथील कारखान्यातून डॉज, प्लिमथ व डीसोटो या गाड्या तसेच डॉज व फार्गो मालट्रक बाहेर पडू लागले. याच सुमारास महिंद्र आणि महिंद्र कंपनीने विलीज जीपची जोडणी मुंबईत हाती घेतली.

१९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशींनंतर भारत सरकारने असे धोरण स्वीकारले की, ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्याने देशी उत्पादनाचा कार्यक्रम नाही त्यांनी जोडणी बंद करावी. त्यानुसार जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी भारतातील जोडणी थांबवली. प्रीमियरने क्रायस्लर गाड्यांबरोबरच इटलीतील फियाट कंपनीशी करार केला आणि पुढे फियाट ११०० हीच तिची मुख्य गाडी ठरली. मोठ्या अमेरिकन मोटारींचे युग त्यानंतर हळूहळू ओसरले.

संज्ञा आणि कालविभाग

आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’च्या वर्गीकरणानुसार १९०४ पर्यंतच्या गाड्यांना पूर्वज, १९०५ ते १९१८ या काळातील गाड्यांना व्हेटरन, १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना व्हिंटेज, १९३१ ते १९४५ या काळातील गाड्यांना उत्तर-व्हिंटेज आणि १९४६ ते १९६० या काळातील गाड्यांना युद्धोत्तर असे म्हणतात. भारतीय नियमांत मात्र पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला सरसकट व्हिंटेज म्हटले जाते. बोलीभाषेत तर कोणत्याही जुन्या मोठ्या गाडीला हा शब्द लावतात.

अभ्यासकाने तीन वर्षे वेगळी मानणे आवश्यक असते. पहिले प्रतिमानवर्ष, म्हणजे कंपनीने त्या रूपाला दिलेले वर्ष. अमेरिकेत नवे प्रतिमान बहुधा आदल्या वर्षाच्या शरद ऋतूतच बाजारात येई. दुसरे जोडणीचे वर्ष. सुटे भाग खोक्यांत भरून, जहाजाने येऊन, मुंबईत जोडले जाईपर्यंत काही महिने सहज लोटत. तिसरे नोंदणीचे वर्ष. आर. सी. बुकात बहुधा हेच वर्ष प्रमुख दिसते. परिणामी १९५२ मध्ये नोंदलेली गाडी १९५१ च्या प्रतिमानाची निघाल्यास त्यात विसंगती मानण्याचे कारण नाही.

नामपट्ट्यांची अदलाबदल

क्रायस्लर कॉर्पोरेशनच्या गाड्या ओळखताना सर्वाधिक गोंधळ नामपट्ट्यांमुळे होतो. अमेरिकेत प्लिमथ ही या समूहातील स्वस्त गाडी होती, तर डॉज व डीसोटो या तिच्याहून वरच्या श्रेणीत होत्या. परदेशात मात्र प्रत्येक विक्रेत्याला स्वस्त गाडी हवी असे. त्यामुळे प्लिमथचाच सांगाडा व यंत्रणा घेऊन त्यावर डॉज किंवा डीसोटो यांची समोरची जाळी, चिन्हे व नावे बसवण्यात आली. अशा डॉजला ‘किंग्जवे’ आणि अशा डीसोटोला ‘डिप्लोमॅट’ हे नाव मिळाले. मालट्रकांतही डॉज आणि फार्गो यांच्यातील फरक प्रामुख्याने नावाचाच होता.

म्हणून पुण्यातील एखाद्या डॉज किंग्जवेची तुलना त्याच वर्षाच्या अमेरिकन डॉज कॉरोनेटशी केली तर ती आखूड, अरुंद व ‘चुकीची’ वाटते. प्रत्यक्षात ती तशीच बनवलेली असते. तिच्या अंगावरील प्लिमथचे भाग हे कोणी नंतर केलेल्या ठिगळाचे लक्षण नसून तिच्या निर्यात उपप्रकाराची खूण आहे.

या तीन बनावटींची चिन्हे पुढीलप्रमाणे ओळखता येतात: प्लिमथवर ‘मेफ्लॉवर’ जहाज, डॉजवर मेंढ्याची आकृती आणि डीसोटोवर स्पॅनिश शोधप्रवासी एर्नांदो दे सोतो याच्याशी निगडित चिन्ह. १९४० च्या दशकात व १९५५ पर्यंत डीसोटोच्या जाळीतील उभे, दातांसारखे चकाकते दांडे ही तिची ठळक खूण होती. चिन्हे व जाळ्या मात्र सहज काढता-घालता येतात. म्हणून त्यांना दुय्यम पुरावा मानणे इष्ट ठरते.

चाकांमधील अंतर

पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर हा बदलण्यास सर्वांत कठीण असा पुरावा आहे. तो साध्या मोजपट्टीने तपासता येतो. युद्धानंतरच्या क्रायस्लर गाड्यांची काही अंतरे अशी:

• प्लिमथ पी-१५ (१९४६ ते १९४९ चा आरंभ): ११७ इंच
• डॉज डी-२४ (त्याच काळातील अमेरिकन डॉज): ११९.५ इंच
• प्लिमथ पी-१७ (१९४९, आखूड): १११ इंच
• प्लिमथ पी-१८ (१९४९, लांब): ११८.५ इंच
• डॉज मेडोब्रुक व कॉरोनेट (१९४९ ते १९५२): १२३.५ इंच
• प्लिमथ पी-२४ व पी-२५ (१९५३ व १९५४): ११४ इंच
• प्लिमथ पी-२६ व पी-२७ (१९५५): ११५ इंच

यावरून १९४९ ते १९५२ या काळातील चार दारांच्या डॉज गाडीत हे अंतर १२३.५ इंच भरल्यास ती अमेरिकन श्रेणीतील मेडोब्रुक अथवा कॉरोनेट आणि ११८.५ इंच भरल्यास ती प्लिमथवर आधारलेली निर्यात गाडी, असा निष्कर्ष काढता येतो. पाच इंचांचा हा फरक रंग, गालिचा किंवा चिन्हे बदलून झाकता येत नाही.

इंजिनाचा पुरावा

या काळातील क्रायस्लर गाड्यांत सहा सिलिंडरांचे, झडपा बाजूला असलेले व सपाट हेडचे इंजिन असे. त्याचा क्रमांक ब्लॉकच्या डाव्या बाजूस, पुढील भागात, जनरेटरच्या वरच्या अंगाला असलेल्या सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे व अंक मालिका सांगतात. उदाहरणार्थ, ‘पी-१५’ या उपसर्गाचे इंजिन मूळचे १९४६–४९ च्या प्लिमथचे असते.

उपसर्ग पुसट झाला असल्यास मापे उपयोगी पडतात. अमेरिकेतील प्लिमथ व डॉज यांच्या ब्लॉकचे हेड सुमारे २३ इंच लांबीचे असे. कॅनडात बनलेल्या इंजिनांसाठी, तसेच अमेरिकेतील क्रायस्लर व डीसोटो यांसाठी सुमारे २५ इंच लांबीचा ब्लॉक वापरला जाई. त्यामुळे हेडची लांबी मोजताच इंजिन कोणत्या देशातून आले याचा अंदाज बांधता येतो.

नेहमी आढळणारी तीन मापे अशी:

• अमेरिकन प्लिमथ: बोअर ३.२५ इंच, स्ट्रोक ४.३७५ इंच, क्षमता २१७.८ घनइंच
• अमेरिकन डॉज आणि १९५४ च्या मध्यापासूनची प्लिमथ: बोअर ३.२५ इंच, स्ट्रोक ४.६२५ इंच, क्षमता २३०.२ घनइंच
• कॅनडातील लांब ब्लॉक: बोअर ३.३७५ इंच, स्ट्रोक ४.०६२५ इंच, क्षमता सुमारे २१८ घनइंच

पहिल्या व तिसऱ्या इंजिनाची क्षमता जवळजवळ सारखीच आहे. नोंदणीपत्रातील अश्वशक्ती किंवा घनक्षमता वाचून या दोहोंतील भेद कळत नाही; त्यासाठी ब्लॉकच पाहावा लागतो. स्ट्रोक मोजण्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नसते. सहाव्या सिलिंडरवर हेडमध्ये एक लहान आट्याचे बूच असते. ते काढून त्यातून तार आत सोडावी व इंजिन हाताने फिरवावे. पिस्टनच्या सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या स्थितीतील तारेच्या उंचीचा फरक म्हणजे स्ट्रोक. हा फरक सुमारे १११ मिलिमीटर, ११७.५ मिलिमीटर अथवा १०३ मिलिमीटर यांपैकी किती भरतो, यावरून वरील तीन इंजिने वेगळी करता येतात. बोअरच्या मापावर मात्र एकट्याने विसंबता येत नाही. कारण वारंवार रीबोअर केलेल्या इंजिनात ते वाढलेले असते.

प्लिमथ गाड्यांतील वर्षानुवर्षांचे फरक

१९४६ ते १९४९ च्या आरंभापर्यंत विकल्या गेलेल्या पी-१५ मालिकेत बाह्यरूप जवळजवळ बदललेच नाही. ‘डीलक्स’ व ‘स्पेशल डीलक्स’ असे तिचे दोन स्तर होते. नेमके वर्ष ठरवण्यासाठी या मालिकेत गाडीचा अनुक्रमांक हाच मुख्य आधार ठरतो. तो पुढील दाराच्या बिजागरी-खांबावरील पट्टीवर असतो. डिट्रॉइट, इव्हान्सव्हिल, लॉस एंजलिस आणि कॅनडातील विंडसर या कारखान्यांना अनुक्रमांकांचे वेगवेगळे गट दिलेले होते. त्यामुळे वर्षाबरोबर कारखानाही कळतो.

१९४९ च्या नव्या रूपातील गाडीच्या बंपरवर आडव्या कडा उमटलेल्या दिसतात, तर १९५० च्या गाडीचे बंपर गुळगुळीत असून मागील काच मोठी व समोरची जाळी अधिक साधी आहे. १९५१ मध्ये बॉनेटचा पुढील उतार वाढला व जाळी रुंद झाली. या वर्षीपासून ‘कॉन्कॉर्ड’, ‘केंब्रिज’ व ‘क्रॅनब्रुक’ ही नावे आली. १९५१ व १९५२ या दोन वर्षांच्या गाड्या दुरून जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यांच्यातील भेद चिन्हे व नावपट्ट्या यांच्या बारकाव्यांत आहे. म्हणून या जोडीतही अनुक्रमांकाला अधिक महत्त्व द्यावे लागते.

समोरची काच १९५२ पर्यंत मध्ये दांडी असलेली, दोन तुकड्यांची होती. १९५३ पासून ती एकसंध झाली. १९५४ मध्ये ‘प्लाझा’, ‘सॅव्हॉय’ व ‘बेल्व्हेडिअर’ ही स्तरांची नावे आली. १९५५ मध्ये व्हर्जिल एक्सनर यांच्या मार्गदर्शनाखाली गाडीचे रूप पूर्णपणे पालटले व प्लिमथला प्रथमच आधुनिक पद्धतीचे व्ही-८ इंजिन मिळाले. १९५६ मध्ये मागील मडगार्डांना शेपटासारखे पंख फुटले. याच वर्षी सहा व्होल्टची विद्युत्‌प्रणाली जाऊन बारा व्होल्टची आली. मात्र सोयीसाठी पुढे अनेक जुन्या गाड्यांत बारा व्होल्टची बॅटरी बसवण्यात आली असल्याने, केवळ बॅटरी पाहून वर्ष ठरवणे योग्य नव्हे.

शेव्हरोले आणि फोर्ड

शिवडीच्या कारखान्याच्या आरंभकाळातील शेव्हरोले गाड्यांना दरवर्षी नवे नाव व अक्षरसंकेत मिळे: १९२८ मधील ‘नॅशनल’ (एबी), १९२९ मधील ‘इंटरनॅशनल’ (एसी), १९३० मधील ‘युनिव्हर्सल’ (एडी) आणि १९३१ मधील ‘इंडिपेंडन्स’ (एई). नॅशनल ही चार सिलिंडरांची, तर इंटरनॅशनल व त्यापुढील गाड्या सहा सिलिंडरांच्या होत्या. त्यामुळे १९२८ व १९२९ या वर्षांतील भेद बॉनेट उघडताच स्पष्ट होतो.

१९४९ ते १९५२ या काळात शेव्हरोलेचे ‘स्टाइललाइन’ व ‘फ्लीटलाइन’ असे दोन आकार होते. स्टाइललाइनच्या छपरानंतर डिकीचा वेगळा टप्पा दिसतो, तर फ्लीटलाइनचे छप्पर मागे सलग उतरत जाते. जाळीच्या खालच्या मोकळ्या जागेत आखूड उभे दांडे असल्यास गाडी १९४९ ची, ते नसल्यास १९५० ची, आणि मधल्या आडव्या दांड्यावर पाच दात असल्यास १९५२ ची समजावी. जनरल मोटर्सचे सांगाडे बनवणाऱ्या फिशर कारखान्याची पट्टी फायरवॉलवर आढळल्यास तिच्यावरील शैली क्रमांकाचे पहिले दोन अंक प्रतिमानवर्ष दर्शवतात. शेव्हरोलेच्या इंजिनांत झडपांचे झाकण वरच्या मध्यरेषेवरील दोन नटांनी बसवलेले असल्यास ते १९५३ पर्यंतच्या घडणीचे, आणि कडेच्या चार स्क्रूंनी बसवलेले असल्यास १९५४ नंतरच्या घडणीचे असते. १९५० च्या गाडीत चार स्क्रूंचे झाकण दिसले, तर इंजिन नंतर बदललेले आहे असे समजावे.

फोर्डच्या ‘मॉडेल ए’ या गाडीत १९२८–२९ आणि १९३०–३१ असे दोन गट पडतात. पहिल्या गटाची चाके २१ इंचांची, तर दुसऱ्या गटाची १९ इंचांची आहेत. दुसऱ्या गटात रेडिएटरचे वेष्टनही अधिक उंच दिसते. इंजिन क्रमांकाच्या आरंभी केवळ ‘ए’ असल्यास इंजिन अमेरिकेतील व ‘सीए’ असल्यास कॅनडातील होय. भारतीय गाडीत ‘सीए’ आढळणे स्वाभाविक मानले जाते.

जीप

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने निकालात काढलेल्या जीप नागरी वापरात आल्या आणि त्यांच्याबरोबरच मुंबईत जोडलेल्या नव्या जीपही रस्त्यांवर दिसू लागल्या. पुणे हे लष्करी केंद्र असल्याने येथे दोन्ही प्रकार परिचित होते. बोलीत यांना ‘लो बॉनेट’ व ‘हाय बॉनेट’ असे म्हणतात; परंतु ‘लो बॉनेट’ या एका नावाखाली किमान चार वेगळ्या गाड्या येतात.

युद्धकालीन जीप विलीज कंपनीने ‘एमबी’ आणि फोर्ड कंपनीने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने बनवली. दोन्हींचे सुटे भाग एकमेकींना बसतील अशी सैन्याची अटच होती. त्यांच्यातील सर्वांत भरवशाचा भेद चासीत आहे: रेडिएटरखालचा पुढील आडवा दांडा गोल नळीचा असल्यास विलीज, आणि उलट्या पन्हळीसारखा असल्यास फोर्ड. फोर्डने आपल्या बोल्टांच्या माथ्यावर व अनेक सुट्या भागांवर ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. १९४४ च्या आरंभापासून दोन्ही कंपन्यांना एकाच प्रकारचा सांगाडा मिळू लागल्याने, त्यापुढील काळासाठी सांगाड्यापेक्षा चासीवरच भर द्यावा लागतो.

नागरी ‘सीजे-२ए’ मध्ये मागे उघडणारे फळकूट, बाहेरच्या बाजूस पेट्रोलचे झाकण, मोठे व पुढे आलेले दिवे आणि जाळीत सात फटी असतात. युद्धकालीन पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असून मागचे फळकूट उघडत नाही. ‘सीजे-३ए’ ची समोरची काच एकसंध आहे. १९५३ मध्ये आलेल्या ‘सीजे-३बी’ मध्ये उंच इंजिन मावण्यासाठी बॉनेट वर उचललेले असून हीच ‘हाय बॉनेट’ जीप होय. महिंद्र कंपनीने या आकाराची जीप भारतात अनेक वर्षे बनवली. त्यामुळे ती दिसायला अमेरिकन असली तरी उत्पादनाने भारतीय असू शकते. युद्धकालीन दिसावी म्हणून नंतरच्या जीपला नऊ फटींची जाळी, जेरीकॅन व हिरवा रंग लावण्याची प्रथा आहे. अशा वेळी चासीचा दांडा पाहिल्यास शंका उरत नाही.

दुरुस्त्यांमुळे येणाऱ्या अडचणी

१९५० च्या दशकापासून परदेशी चलनाच्या टंचाईमुळे सुट्या भागांची आयात कठीण झाली. गाडी चालू ठेवणे हा मालकांपुढील मुख्य प्रश्न होता. तिचे मूळपण राखणे हा नव्हे. परिणामी डॉजचे दार प्लिमथला, मालट्रकचे इंजिन मोटारीला आणि एका वर्षाची जाळी दुसऱ्या वर्षाच्या गाडीला लागली. पुण्यातील नाना पेठ व जुना बाजार आणि मुंबईतील कुर्ला व चोरबाजार येथून मिळालेल्या भागांवर अनेक गाड्या तगल्या. पेट्रोल महागल्यावर काही मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिने बसवण्यात आली. पुण्यात तयार होणाऱ्या मॅटाडोर गाडीचे डिझेल इंजिन हे त्यांपैकी एक परिचित उदाहरण.

असे बदल दोन प्रकारचे मानावेत. पहिल्या प्रकारात एका कुटुंबातील भागांची देवाणघेवाण येते. उदाहरणार्थ, प्लिमथमध्ये बसवलेले डॉजचे २३०.२ घनइंची इंजिन. दुसऱ्या प्रकारात परक्या भागांचा समावेश होतो. उदाहरणार्थ, डिझेल इंजिन. नोंदणीच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक अडचणीचा ठरतो. पहिल्या प्रकारातील बदल मात्र नजरेतून सुटण्याचा संभव जास्त असतो.

अलीकडे आणखी एक अडचण दिसते. जीर्णोद्धार करताना अमेरिकेतून मागवलेल्या नव्या चिन्हांनी व जाळ्यांनी किंग्जवे गाड्यांना कॉरोनेटचे रूप दिले जाते आणि कुर्ल्याच्या कारखान्याशी निगडित पट्ट्या, रंगाचे थर व देशी बनावटीचे भाग टाकून दिले जातात. गाडी देखणी होते, परंतु भारतीय मोटार उद्योगाच्या आरंभकाळाचा एक दस्तऐवज नष्ट होतो. कॉरोनेट अमेरिकेत हजारोंनी बनल्या. कुर्ल्यात जोडलेल्या किंग्जवेची साक्ष मात्र तिच्याच अंगावर असते.

कागदपत्रे आणि नोंदणी

नोंदणी क्रमांकाची अक्षरे गाडीच्या पूर्वेतिहासाचा माग देतात. जुन्या मुंबई राज्यातील क्रमांकांची अक्षरे ‘बी’ने, तर १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची ‘एम’ने सुरू होत. १९८९ पासून ‘एमएच’ ही मालिका आली व पुण्याला ‘एमएच १२’ हा संकेत मिळाला. जुन्या आर. सी. बुकात चासी व इंजिन असे दोन्ही क्रमांक नोंदलेले असतात. काही वेळा इंजिनाचा क्रमांकच चुकून दोन्ही ठिकाणी लिहिलेला आढळतो, तर काही वेळा डॉज किंग्जवेची नोंद नुसती ‘डॉज’ अशी असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पन्नास वर्षांपेक्षा जुने, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले दुचाकी अथवा चारचाकी वाहन यास पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे वैध असते. अशा वाहनांच्या क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. वाहनाचा वापर प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन भरणे व देखभाल यांपुरता मर्यादित असतो. व्यावसायिक वापरास परवानगी नाही. वाहन पात्र आहे किंवा नाही याची तपासणी राज्याने नेमलेली समिती करते.

या तरतुदीमुळे मूळ स्वरूप म्हणजे कोणते स्वरूप, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. डॉज किंग्जवेची तपासणी अमेरिकन कॉरोनेटच्या वर्णनाशी ताडून केल्यास अस्सल गाडी अपात्र ठरू शकते. उलटपक्षी, कॉरोनेटचे रूप दिलेली किंग्जवे वरवर निर्दोष भासू शकते. म्हणून अर्जासोबत निर्यात उपप्रकाराचे वर्णन, आसांमधील अंतर, हेडची लांबी व क्रमांकांच्या पट्ट्यांची छायाचित्रे जोडणे मालकाच्या हिताचे असते.

तपासणीचा क्रम

गाडीची ओळख पटवताना जे बदलणे कठीण ते प्रथम व जे बदलणे सोपे ते शेवटी, असा क्रम ठेवल्यास चूक होण्याचा संभव कमी राहतो:

१. आसांमधील अंतर मोजून मालिका ठरवणे.
२. चासीवरील व दाराच्या खांबावरील क्रमांक वाचून कारखाना व वर्ष ठरवणे. गंज खरवडण्याऐवजी तेलाने भिजवून, तिरप्या प्रकाशात क्रमांक वाचणे सुरक्षित असते.
३. इंजिनाचा उपसर्ग, हेडची लांबी व स्ट्रोक तपासून इंजिन मूळचे आहे किंवा नाही हे पाहणे.
४. सांगाड्याची काच, छप्पर, मडगार्ड व बंपर यांची ठेवण पाहणे.
५. जाळी, चिन्हे व अंतर्गत सजावट यांची नोंद घेणे.
६. या सर्वांचा नोंदणीपत्रे, जुनी छायाचित्रे, विमापत्रे व विक्रीच्या पावत्या यांच्याशी मेळ घालणे.

पहिल्या तीन पायऱ्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळल्यास गाडीचा उपप्रकार निश्चित झाला असे मानता येते. ते न जुळल्यास गाडी दोन वाहनांच्या भागांतून उभी राहिली असण्याची शक्यता असते. तशी स्पष्ट नोंद करणे हेच योग्य ठरते. क्रमांक पुन्हा ठोकणे अथवा पट्टी बदलणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. शिवाय त्यामुळे पुढील अभ्यासकांचा आधारही कायमचा नाहीसा होतो.

हे सुद्धा पहा

• वालचंद हिराचंद
• प्रीमियर ऑटोमोबाइल्स
• मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या
• महिंद्र आणि महिंद्र
• कुर्ला